शहाण्याने पायरी चढू नये, मग चढतो कोण?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याला लहानपणापासून ऐकवले जाते. चावडीवर ऐकवले जाते, बांधावर ऐकवले जाते, सोयऱ्याधायऱ्यांत ऐकवले जाते. सांगणारा आपल्या भल्याचेच सांगतो. त्याने स्वतः पायरी चढून हात पोळून घेतलेले असतात. पण ही म्हण बँकेला कोणी ऐकवत नाही. विमा कंपनीला, बियाणे कंपनीला, सावकाराला कोणी ऐकवत नाही. ते सगळे पायरी चढतात, रोज चढतात, आणि त्यांच्या आधी त्यांचा वकील वर जाऊन बसलेला असतो. शहाणपणाचा मक्ता तेवढा आपल्याकडे. म्हणजे भांडण दोघांचे, आणि शहाणे राहायचे एकाने!

आम्ही ही म्हण खोटी म्हणत नाही. ज्याच्या खिशात वकिलाची फी नाही त्याच्यासाठी ती अगदी खरी आहे. एका तारखेला गावाहून बीडला किंवा अंबाजोगाईला जायचे म्हणजे बसभाडे, दिवसाची मजुरी, झेरॉक्स, नकलेचा खर्च, टायपिंगवाल्याचे पैसे, आणि पेशकाराने पुकारा केल्यावर कळते की साहेब रजेवर आहेत. अशा वीस तारखांत एका बॅगेची सरकी गेलीच म्हणून समजा. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, आपले नशीब. आमचे भांडण आहे ते या ‘जाऊ दे’शी.

कारण कायद्याने त्यावर तोड केव्हाच काढून ठेवली आहे. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३९-अ हे कलम आले. पैसा नाही म्हणून कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे ते सांगते. पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. झाला १९८७ ला आणि अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. आठ वर्षे कागद वाळत पडला होता, पण आला. त्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल ते लिहिले आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला, बालकाला, अपंगाला, बेगारीत अडकलेल्याला, औद्योगिक कामगाराला, कोठडीतल्याला. आणि त्यातच एक उपकलम असे आहे, की स्वतःचा काही दोष नसताना जो हलाखीत सापडला त्याला, आणि उदाहरणे दिली आहेत ती भूकंपाची, पुराची आणि दुष्काळाची.

दुष्काळाची! हा शब्द कायद्यात छापलेला आहे, आणि बीड जिल्ह्यातल्या किती कोरडवाहू शेतकऱ्यांना तो कोणी वाचून दाखवला? २०२३ च्या खरिपात सरकारनेच धारूर, वडवणी आणि अंबाजोगाई हे तालुके दुष्काळी जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेने आणि गोदावरीने काठची कपाशी, सोयाबीन मातीसकट नेली. एका बाजूला दुष्काळ, दुसऱ्या बाजूला पूर, आणि दोन्ही शब्द त्या एकाच उपकलमात. आपला जिल्हा म्हणजे त्या कलमाचे चालतेबोलते उदाहरण. तरी मोफत वकिलाचे नाव काढले की आपला माणूस विचारतो, ते फक्त तुरुंगातल्यांसाठी असते ना?

ज्याला यातले काहीच लागू नाही त्याच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. आता कोरडवाहू चार-पाच एकरांत कपाशी आणि ज्वारी घेणाऱ्याचे निव्वळ उत्पन्न ३ लाखांच्या वर जाते, असे म्हणणाऱ्याने आमच्याकडे यावे, आम्ही त्याचा सत्कार करू. पण इथेच एक अडवणूक होते. उत्पन्नाचा दाखला आणा, म्हणून माणसाला तलाठ्याकडे, तहसीलला पाठवले जाते आणि तो पंधरा दिवस तिकडेच फिरतो. त्याच कायद्याचे १३ वे कलम म्हणते की उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेले शपथपत्र पुरेसे मानता येईल, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तर उत्पन्नाची अटच नाही. हे कलम पाठ करून जा. अडवणारा नेहमी वाईट असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाच ते माहीत नसते.

हे सगळे कागदावरचे झाले. गावात काय दिसते? गावात दिसते ते शिबिर. शाळेच्या पटांगणात मंडप पडतो. कायदेविषयक साक्षरता शिबिर, असा फलक लागतो. अकराची वेळ असते, पाहुणे साडेबाराला येतात. सरपंचाच्या हस्ते सत्कार, उपसरपंचाच्या हस्ते सत्कार, नारळ, शाल, हार. मग तीन भाषणे. घटनेने तुम्हाला काय काय दिले ते सांगितले जाते. मागे सतरंजीवर एक म्हातारी हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद घेऊन बसलेली असते. आभार मानून झाल्यावर ती पुढे येते. कोणीतरी कागद उलटासुलटा बघतो आणि म्हणतो, आजी, तालुक्याला या, येताना झेरॉक्स आणा. झाले. त्या शिबिराचा अहवाल वर जातो, त्यात उपस्थिती लिहिलेली असते. म्हातारीचा कागद कोणत्याच अहवालात नसतो.

आम्हाला शिबिरे नकोत असे नाही. पण शिबिरात भाषण देणारा वकील आणि कागद वाचणारा वकील यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याला हवा आहे तो दुसरा.

तो कधी हवा, हाच या लेखाचा खरा मुद्दा. दावा दाखल झाल्यावर मोफत वकील मिळणे ही अर्धी मदत झाली. शेतकऱ्याची केस कोर्टात हरत नाही. ती कोर्टात जाण्याच्या कितीतरी आधी हरलेली असते. अंगठा उठवताना हरते, मुदत टळताना हरते, पंचनाम्यावर सही करताना हरते. कोर्टात फक्त निकाल वाचून दाखवतात.

सावकारीचेच घ्या. मुलीचे लग्न, नाहीतर दवाखाना, नाहीतर बोअर. बँक दारात उभी करत नाही. माणूस सावकाराकडे जातो. सावकार म्हणतो, कागद करून दे, नुसता तारण म्हणून. आणि तारण म्हणून जो कागद होतो तो गहाणखत नसतो, ते सरळ खरेदीखत असते. दुय्यम निबंधकासमोर विचारतात, पैसे मिळाले का? माणूस हो म्हणतो, कारण पैसे मिळालेले असतात. तोंडी ठरलेले असते की पैसे फेडले की जमीन परत. फेड होते, व्याज वाढते, दोन-तीन वर्षांनी सात-बाऱ्यावर नाव बदललेले दिसते, फेरफाराची नोटीस कधी आली ते घरात कोणालाच आठवत नाही. गावात म्हणतात, सही केलीस ना, मग आता काय!

आता काय ते कायद्यात लिहिलेले आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४, कलम १८. कर्जाचे तारण म्हणून सावकाराने स्थावर मालमत्ता बळकावली असेल आणि ती अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतली गोष्ट असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते खरे ठरले तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम त्यांना करता येतो. यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावून बसावे लागत नाही. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पण त्या चौकशीत सिद्ध काय करायचे असते? व्यवहार विक्रीचा नव्हता, कर्जाचा होता, हे. बाजारभाव किती होता आणि खतात किंमत किती लिहिली, खतानंतरही जमीन कोण कसत होते, व्याजाचे पैसे कोणासमोर दिले, चिठ्ठी-चपाटी, वहीचे पान. हे मांडणे अडाणी माणसाचे काम नाही आणि आमच्यासारख्या चार बुके शिकलेल्यांचेही नाही. सावकारातर्फे तिथे वकील असतो. आपला माणूस तिथे रडतो, आणि रडण्याला पुरावा म्हणत नाहीत.

आता कोणी म्हणेल की मोफत वकील कोर्टासाठी असतो, उपनिबंधकाच्या कचेरीसाठी नाही. हे साफ खोटे आहे. विधी सेवा कायद्याने ‘कायदेशीर सेवा’ची व्याख्या केली आहे, तिच्यात कोर्टापुढचे काम येते, तसे इतर प्राधिकरणापुढचे आणि न्यायाधिकरणापुढचेही येते, आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणेही येते. कोर्ट या शब्दात महसुली कोर्ट धरले आहे. म्हणजे तहसीलदारापुढचा रस्त्याचा वाद असो, प्रांतापुढचे फेरफाराचे अपील असो, उपनिबंधकापुढची सावकारीची चौकशी असो, तिथे मोफत वकील मागता येतो. आणि नुसता सल्ला, खत करण्याच्या आधीचा, तोही मागता येतो.

बियाण्याचेही असेच. कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आले: बियाणे सदोष होते याचा प्रयोगशाळेचा दाखला कुठे आहे? अहो, शेतकरी पिशवीतले सगळे बी पेरतो, तपासणीसाठी वाटीभर शिकाळ्यावर ठेवत नाही. हेच २०१२ साली सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्रातल्या खटल्यात मान्य केले. शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो आणि त्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येणार नाही, असे कोर्टाने ठरवले. आज ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील असलाच पाहिजे असेही नाही. पण मुदत दोन वर्षांची, आणि पावती, पिशवी, लेबल नसेल तर काहीच नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा कापूस बियाणे कायद्याखाली ‘जी’ नमुन्यात अर्ज भरायला रांगा लागल्या. त्या रांगेत किती जणांकडे लॉट नंबर लिहिलेली पावती होती? अर्ज भरून देणाराच त्या दिवशी वकिलापेक्षा मोठा होता.

मुदतीची गोष्ट निघाली म्हणून शेजारच्या जिल्ह्याचे सांगतो. खरीप २०२० मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अतिवृष्टीने पीक गेले. नुकसान झाल्यावर ७२ तासांत कंपनीला कळवले नाही, एवढ्यावर लाखो शेतकऱ्यांना विमा नाकारला गेला. शेत पाण्यात, मोबाईलला रेंज नाही, करोनाचा काळ, आणि कळवा म्हणे ७२ तासांत! प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेले आणि मे २०२२ मध्ये कोर्टाने साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी त्यावर सुप्रीम कोर्टात गेली. बघा, कंपनी म्हणाली नाही की शहाण्याने पायरी चढू नये! आणि एवढ्या लाखांसाठी खंडपीठाची पायरी चढणारे मात्र मोजके होते. ज्यांची ऐपत होती ते गेले म्हणून बाकीच्यांचे भले झाले. प्रत्येक हंगामात, प्रत्येक जिल्ह्यात असे कोणी निघेलच, याची हमी कोण देणार?

भूसंपादनात तर गरिबासाठी मुद्दाम दार उघडे ठेवले होते. जुन्या कायद्यात १९८४ साली २८-अ कलम घातले. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाणे ज्याला परवडले नाही, त्याने त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला कोर्टाने वाढ दिली की तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, त्यालाही वाढ मिळेल. २०१३ च्या नव्या कायद्यातही ते ७३ व्या कलमात आहे. किती चांगली तरतूद! पण शेजाऱ्याच्या केसचा निकाल लागला हे आपल्याला कोण कळवणार? शेजारी सांगत नाही, कचेरी सांगत नाही. तीन महिने जातात आणि चौथ्या महिन्यात आपण पेढा खायला जातो. तलावाला जमीन गेली, रस्त्याला गेली, नगर-बीड-परळी रेल्वेला गेली. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी आली, आनंद आहे. पण रुळाखालच्या जमिनीचा एक तरी मालक या जिल्ह्यात असेल ज्याचे तीन महिने कोणी न सांगितल्यामुळे गेले.

आणि ज्यांनी दावे लावले त्यांची दुसरीच कथा. वाढीव रकमेवर टक्केवारी. इतके टक्के माझे, असे वकीलपत्र घेतानाच ठरते. बार कौन्सिलच्या नियमात हे चक्क मना आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. त्याच नियमांत असेही आहे की ज्याला खरोखर वकिलाची गरज आहे त्याला फी देता येत नसली तरी मदतीचा हक्क आहे, आणि आपली परिस्थिती सांभाळून गरिबाला मोफत मदत करणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. कर्तव्य म्हटले आहे, उपकार नाही. म्हणून जो वकील फुकट उभा राहतो त्याच्यापुढे आपण वाकून उभे राहायचे कारण नाही. त्याला रामराम करा, बसायला घोंगडी द्या, चहा पाजा, पण ‘तुमचे लई उपकार’ म्हणू नका.

असे वकील आपल्यात आहेत, हेही सांगितले पाहिजे. आंदोलनात पकडलेल्या पोरांचा जामीन भरायला रात्री अकराला आलेले वकील आम्ही पाहिले आहेत. स्वतःच्या खिशातून कोर्ट फी चिकटवणारे पाहिले आहेत. त्यांची नावे आम्ही छापत नाही, कारण छापली तर उद्या त्यांच्या दारात रांग लागेल आणि घरात भांडण. पॅनलवरच्या वकिलाला सरकार देते ते मानधन तुटपुंजे, आणि तेही वेळेवर नाही. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टने हिशेब मांडला आहे, की देशात मोफत कायदेशीर मदतीवर वर्षाला माणशी साधारण साडेसहा रुपये खर्च होतो. साडेसहा रुपयांत बीडच्या स्टँडवर कटिंग चहाही येत नाही. गावपातळीवर कागद वाचून देणारे विधी स्वयंसेवक २०१९ ते २०२४ या काळात वाढायचे सोडून ३८ टक्क्यांनी घटले, असेही तोच अहवाल सांगतो. २०२२ पासून फौजदारी आरोपींसाठी पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची योजना आली, ती चांगलीच आहे. पण ज्याने गुन्हा केलेला नाही, फक्त कर्ज काढले आहे, त्याच्यासाठी पूर्णवेळ कोण आहे?

हे मागणे नवे नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे बाहेर काढून जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यात पसरले. इंग्रज सरकार दचकले. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यात दोन गोष्टी होत्या. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज गावनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, एरवी तो चालणार नाही. आणि दाव्यात समोरून वकील उभा राहिला, शेतकऱ्याची मात्र ऐपत नाही असे दिसले, तर त्याच्या संमतीने सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूने उभे करण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. परक्या सरकारलासुद्धा कळले होते की माणूस खत लिहिण्याच्या वेळी हवा. तो कायदा नगरच्या हद्दीवर थांबला, कारण पलीकडे आपण निजामाच्या राज्यात होतो. आता निजाम नाही, हद्द नाही, तरी आपण पलीकडेच.

१९१७ च्या चंपारण्यात गांधीजींनी बिहारच्या वकिलांना काय करायला लावले? भाषणे करायला नाही, कोर्टात उभे राहायलाही नाही. ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद ही पाटण्या-दरभंग्याकडची नामांकित मंडळी. त्यांना त्यांनी नीळ पिकवणाऱ्या रयतेच्या जबान्या लिहून घ्यायला बसवले. कारकुनाचे काम, तेही बिनपैशाचे. हजारो जबान्या लिहिल्या गेल्या आणि त्या गठ्ठ्याने मळेवाल्यांना वाकवले. देशाचा पहिला राष्ट्रपती झालेला वकील जर शेतकऱ्याची जबानी लिहायला बसू शकतो, तर तालुक्याचा वकील म्हातारीचा कागद का वाचू शकत नाही?

लोकअदालतीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. तडजोड वाईट नाही. बांधाच्या वितीभर जागेसाठी दोन भाऊ वीस वर्षे भांडतात, त्यांचे तिथे मिटले तर आम्ही दोघांच्या घरी जेवायला जाऊ. कोर्ट फीही परत मिळते. पण राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी गावात नोटिसांचा गठ्ठा येतो, वर विधी सेवा समितीचे नाव, खाली बँकेच्या थकबाकीची रक्कम. घरात रडारड होते. ती नोटीस समन्स नाही, वॉरंट नाही. दावा दाखल होण्याआधीच्या त्या प्रकरणात तुम्ही गेला नाही म्हणून लोकअदालत तुमच्याविरुद्ध निकाल देऊ शकत नाही. बँकेला पुढे दावा लावायला मोकळीक राहते, एवढेच. आणि गेलात तर सही करण्याआधी हे ध्यानात ठेवा, की लोकअदालतीचा निवाडा हा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. फार तर अगदी मोजक्या कारणांवर हायकोर्टात रिट करता येते. समोर बसलेल्या पॅनलवर वकील असतो खरा, पण तो पंच असतो, तुमचा वकील नव्हे. बँकेचा अधिकारी रोज हेच करतो. तुम्ही जन्मात एकदा.

तिथे तुमच्या बाजूला बसून खातेउतारा तपासणारा कोणी असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, मुद्दल किती आणि व्याज किती? लहान आणि सीमांत शेतकऱ्याच्या अल्पमुदत पीककर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज लावू नये, हे बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांना घातलेले आहे. आपल्या आज्यापणज्यांचा दामदुपटीचा नियमच तो. पण उतारा मागणारा नाही, मागितला तर वाचणारा नाही. गरिबासाठी उभारलेल्या मांडवात बँकेची वसुली जोरात आणि गरीब कोपऱ्यात, याला आमचा विरोध आहे. त्याच मांडवात प्रत्येक थकबाकीदारामागे एक मोफत वकील बसवा, मग करा हवी तेवढी वसुली.

बीडचे आणखी एक दुखणे आहे ते बाहेरच्यांना कळत नाही. दिवाळीच्या आसपास निम्मे गाव उचल घेऊन ऊसतोडीला जाते. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. तारीख पडते जानेवारीत, पक्षकार फडात कोयता घेऊन उभा. घराला कुलूप, समन्स दाराला डकवलेले. पाडव्याला गाडी परत येते तेव्हा कळते की हुकूम एकतर्फी झाला. या जिल्ह्यातल्या मोफत वकिलाने पहिली गोष्ट करायची ती ही, की तोडणीला जाणाऱ्याच्या तारखा उन्हाळ्यात मागून घ्यायच्या आणि कोर्टाला कारण लिहून द्यायचे. आणि मुकादमाने उचलीपोटी कोऱ्या बाँडवर अंगठा घेतला असेल, सोडून जाऊ दिले जात नसेल, तर ती बेगार आहे आणि बेगारीतला माणूस कलम १२ मध्ये नावानिशी आहे.

आता आपल्याकडे बघू. फुकटचा वकील म्हणजे कमअस्सल वकील, असे आपणच म्हणतो आणि वजनदार वकिलाकडे जाऊन इसाराची रक्कम मोजून येतो. कागद सांभाळत नाही. पावती बैलाच्या खोगिरासारखी कुठेतरी लटकते. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट, कायदा स्त्रीला उत्पन्न न विचारता वकील देतो, आणि तिला तो सगळ्यात जास्त आपल्याच विरुद्ध लागतो. नवऱ्याने गळफास घेतला, जमीन सासऱ्याच्या नावावर, मदतीची फाईल ‘अपात्र’. २००६ पासून आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाखाची मदत आहे, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळाली तर दीर वाटा मागतो, नाही मिळाली तर सुनेला माहेरची वाट दाखवतात. तिच्यासाठी मोफत वकील उभा राहिला तर आपल्यातलेच चार जण त्याला म्हणतील, घर फोडायला आला. आम्ही सभेत सरकारवर बोलतो तेव्हा हे चार जण टाळ्या वाजवत असतात. त्यांनी यापुढे आमच्या सभेत टाळ्या वाजवू नयेत.

आमची मागणी मोठी नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावी, नेकनूर असो, शिरूर कासार असो, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वकील द्यावा. कापूस खरेदीच्या काळात खरेदी केंद्रावर द्यावा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीच्या ओसरीत द्यावा, म्हणजे खरेदीखतावर अंगठा उठवण्याआधी माणूस विचारेल. सत्कार नको, मंडप नको. महिन्याच्या शेवटी किती माणसे आली ते लिहू नका, किती कागद वाचले आणि किती अर्ज लिहिले ते लिहून फलकावर लावा. नेमून दिलेला वकील पैसे मागत असेल किंवा तारखेला येत नसेल, तर तसे प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून बदलून मागा. तोंडी कुरकूर करू नका. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, फुकट लागतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत. गावात गेल्या पंधरा वर्षांत सावकाराच्या नावे झालेल्या खरेदीखतांची यादी, त्यात तारखा आणि गट नंबर असावेत. लोकअदालतीच्या नोटिसा आलेल्यांच्या नोटिशीची झेरॉक्स, आणि शक्य असेल त्याने बँकेचा खातेउतारा. तिसरा कागद तोडणीला जाणाऱ्यांच्या चालू केसेसचा, कोर्टाचे नाव आणि पुढची तारीख लिहून. दोन वकील बैठकीला येऊन बसायला तयार आहेत, दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत. भाषण करणार नाहीत असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. चष्मा असेल तर चष्मा आणा, आणि घरातल्या बायांना घेऊन या.